दोन नावांची एक मोटार

माझे अक्षर किरटे आणि शुद्धलेखन चौथीतलेच. कोणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

लढाई संपली त्या साली आमची भाड्याने फिरवायची मोटार केडगावात बंद पडली. हे तापाने पडलेले, म्हणून पाटली मोडून नगरच्या दुकानातून इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप मीच ऐंशी रुपयांना आणला.

केडगावच्या मिस्त्रीचे नाव मी विचारले नाही. त्याने पंप रॉकेलने पुसला, लोखंडातल्या आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि अडगळीतून दुसऱ्या नावाच्या मोटारीचा पंप काढला. आकडे तेच होते.

"ह्यो तीस रुपयाला मिळतो, ताई. गाडी एकच हाय. विलायतेत दोन पाट्या लावून विकत्यात."

"मला भांडता येत नाही."

"भांडू नका. दोन्ही पंप नगरच्या त्या दुकानाच्या फळीवर ठिवा आन हलू नका."

मी तसेच केले. दुकानदार म्हणाला, "बाई, मोठ्या नावाला मोठा भाव." गिऱ्हाइके वाकून आकडे ताडून पाहू लागली.

"बरं, दहा घ्या आणि निघा."

मी पदर सावरला आणि तिथेच उभी राहिले. दिवेलागणीच्या आत त्याने जादाचे पन्नासच्या पन्नास रुपये माझ्या हातावर मोजले.