सिंफनिक लागलंय

रेडिओ केंद्रावरच्या तबकड्या ती सांभाळायची, म्हणून गल्लीत तिचं नावच पडलं तबकडीताई. लग्न केलं नाही. आईवडिलांमागे धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि सरकारला खुपेल असंही काहीबाही छापायचा.

"ताई, सिंफनिक म्हणजे काय गं?" त्यानं एकदा विचारलं.

"शंभरेक वादक एका काठीच्या इशाऱ्यावर मिळून वाजवतात ना, ते."

"म्हणजे आपला देशच की!" तो खदखदून हसला. तिनं आधी खिडकी लावली.

शहरात मात्र त्या शब्दाला भलताच अर्थ चिकटला होता. मागे राष्ट्रप्रमुख वारले तेव्हा रेडिओवरच्या बातम्या थांबल्या आणि दिवसभर नुसतं सिंफनिक संगीत वाजत राहिलं. पाठोपाठ धरपकड झाली. शेजारच्या मास्तरांना तेव्हा नेलं, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून कुणी नुसतं "सिंफनिक लागलंय" म्हटलं, की बाया पोरांना घरात ओढत आणि दुकानदार फळ्या लावून घेत.

त्या सकाळी ती कामावर आली तर दाराशी सैनिक. फोन मुके. केंद्रावरच्या साहेबांचा चेहरा पांढराफटक.

"बातम्या नाहीत. धरपकड उरकेपर्यंत नाचाची गाणी लावा," ते म्हणाले. "आणि सिंफनिक अजिबात नको. लोक सावध होतात."

भाऊ या वेळी छापखान्यात असेल, कोपऱ्यातला रेडिओ चालू ठेवून. नाचाचं गाणं ऐकत शीळ घालत बसेल, आणि हे सैनिक त्याला तिथूनच उचलतील.

ती फडताळाशी गेली. सिंफनिकची तबकडी शोधून काढली. आतून कडी घालून तिनं सुई टेकवली. नगाऱ्यांचा खर्जातला घुमारा उठला, मग व्हायोलिनं त्यावर चढत गेली.

दार मोडेपर्यंत बरंच वाजून झालं होतं.

"चुकून लागली, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "हिला खाली न्या."

सैनिक छापखान्यात पोचले तेव्हा यंत्र चालू होतं, माणूस नव्हता. हे तिला कळलं ते चौकशी करणाऱ्याच्याच तोंडून. "कुठे गेला तो?" तो टेबलावर मूठ आपटून विचारायचा. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

ती सुटली तेव्हा नोकरी गेली होती, घराला परक्याचं कुलूप होतं. भाऊ सीमेपलीकडे आहे, एवढंच कुणीतरी बाजारात कानाशी पुटपुटून गेलं. ती मावसबहिणीकडे राहू लागली. बहीण रेडिओ लावायला उठली, की ही पायरीवर जाऊन बसायची, रेडिओवर न विसंबता, सैनिक येतात का म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवून.