आतोबांचा तोटा

रत्नागिरीत नफा कमावणारे दुकानदार पुष्कळ होऊन गेले, अजूनही आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मन लावून, रोज संध्याकाळी नेमानं आणि वर छाती पुढे काढून तोटा करणारा दुकानदार अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. "नफा काय, कोणीही करील," ते म्हणायचे, "तोटा कुठे करायचा ते कळायला अक्कल लागते." ऐंशी सालानंतर कधीतरी मी नोकरीसाठी चिपळूणहून रत्नागिरीला आत्याकडे राहायला आले, त्या दिवशी चहा पिऊन व्हायच्या आत हे वाक्य मला ऐकावं लागलं. पुढे सात-आठ वर्षं मी त्या घरात होते आणि ते वाक्य ऐकल्याशिवाय गेलेला आठवडा मला तरी आठवत नाही.

आतोबांचं किराणा मालाचं दुकान मांडवी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. आतोबा उंच, किडकिडीत आणि बोलायला कंजूष. गिऱ्हाईक आलं तरी ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातातल्या पिशवीकडे बघत. "तोंड काय, खोटं बोलतं. पिशवी बोलत नाही," असा त्यांचा सिद्धान्त होता. पिशवी नवी असली की माणूस नुसता भाव विचारून जाणार, आणि पिशवीला ठिगळ असलं की महिन्याचा माल नेणार, हे ते आधीच ठरवून टाकत. पुष्कळदा ते चुकायचे, पण चुकलं की पिशवी उसनी आणलेली असायची. आलेल्या मालाची सुतळी ते कधी कापत नसत, दातांनी गाठ सोडवत. शेजारचा दुकानदार कसा प्रामाणिक आहे हे ते आपल्याच गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक खरंच तिकडे गेलं की दिवसभर गप्प बसत. आत्या म्हणायची, "अहो, स्तुती करायची तर करा, पण वाट कशाला दाखवता?"

पुढच्या नाक्यावर मोठं ग्राहक भांडार निघालं आणि आतोबांच्या दुकानात माशा घोंघावायला लागल्या. तेव्हा इतके दिवस नुसता तोंडी असलेला तोटा त्यांनी खरोखरच करायचं ठरवलं. ही कल्पना त्यांना कीर्तनात सुचली. "बुवा रंगात आले होते आणि मी मागे वळून बघितलं," ते आम्हाला सांगत होते. "निम्मी माणसं खिरापतीसाठी आलेली. पण आली ना? आल्यावर कीर्तन कानावर पडतंच ना? आपल्याकडेही खिरापत पाहिजे."

खिरापत म्हणून त्यांनी वाटप निवडलं. आमच्याकडे ओलं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून, मसाल्याबरोबर बारीक वाटून गोळा करतात, त्याला वाटप म्हणायचं. त्याशिवाय कोकणात कालवण होत नाही. आणि हे वाटणं म्हणजे रोज कंबर मोडून घेणं. कचेरीतून, शाळेतून दमून घरी जाणाऱ्या बाईला तयार वाटप मिळालं, तेही घरी करण्याहून स्वस्त, तर ती येणार नाही? दुपारी दुकान बंद असताना आत्या लोखंडी कढईत भाजायला बसायची आणि आतोबा स्वतः पंचा नेसून रगडा फिरवायचे. त्या काळी रगड्यावर बसलेला नवरा आमच्या नात्यात दुसरा नव्हता. चिपळूणला माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पण खरी करामत पुढेच होती. वाटपाचं पातेलं ठेवलं ते दुकानाच्या अगदी मागच्या टोकाला, घराच्या दाराशी, आणि त्याच्यापाशी आत्या. गिऱ्हाइकाला बाहेर थोपवणारी पुढची फळी आतोबांनी काढूनच टाकली. गिऱ्हाइकानं आत यायचं, तांदळाच्या पोत्याला वळसा घालायचा, साबण, चहा, आमसुलं, मिरची असं सगळं बघत मागे जायचं आणि केळीच्या पानात वाटप बांधून घेऊन त्याच वाटेनं परत यायचं. दुकानाच्या आत गिऱ्हाईक शिरतं हे लोकांना इतकं नवं होतं की एक म्हातारी पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून आली, आणि पोत्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून गेली.

संध्याकाळी वाटपाचा वास रस्त्यावर गेला की बायका यायला लागायच्या. आतोबांचं म्हणणं खरं ठरलं. वाटपात तोटा व्हायचा, पण जाता जाता कोणी तांदूळ न्यायची, कोणी हळद, आणि आमसुलं तर जवळजवळ सगळ्याच न्यायच्या. "रत्नागिरीकरांना हल्ली आमसुलाचं सार फार आवडायला लागलंय," आतोबा मला म्हणाले. मी मान डोलावली. आम्ही पिढ्यान् पिढ्या शाकाहारी, मला तरी काय कळणार?

एक गोष्ट मात्र त्यांना छळत होती. सोमवारी वाटपाला कुत्रंही विचारत नसे. गुरुवारी तेच, संकष्टीला तेच. त्यांनी सोमवारचा भाव आणखी उतरवला, तरी पातेलं भरलेलं. मग श्रावण आला. "आता सगळी रत्नागिरी शाकाहारी होणार," आतोबा हात चोळत म्हणाले, "म्हणजे उसळीच उसळी. दुप्पट खपणार." कांदा न खाणाऱ्यांसाठी त्यांनी बिनकांद्याचं सोवळं वाटपही वेगळं करायला लावलं. आत्या काहीतरी बोलायला गेली आणि कढईतलं खोबरं परतायला लागली. त्या श्रावणात आम्ही वाटपाची आमटी खाल्ली, वाटपाची भाजी खाल्ली, वाटप लावलेली थालीपीठं खाल्ली. शेवटी शेजारच्या गाईनंही तोंड फिरवलं. गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी बायकांची ही रांग. "विसर्जनाचं दुःख लोक असं विसरतात होय," आतोबा पुटपुटले.

मी कचेरीत हे सांगितलं तेव्हा तिथल्या सुर्वेबाई खो खो हसल्या. "अगो, सोमवारी आम्ही मासे खात नाय, मग वाटप कशाला नेऊ? तुझ्या आतोबांच्या वाटपाचं बांगड्याचं कालवण मांडवीपर्यंत गाजतंय." मी हे घरी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, कारण त्याच संध्याकाळी एक मासेवाली आपली पाटी घेऊन थेट दुकानाच्या पायरीशी येऊन बसली.

आतोबांनी नाकाला उपरणं लावलं. मासे लोक नुसते तळून खातात, अशी त्यांची जन्माची समजूत. "इथे का बसलीस?" त्यांनी विचारलं.

"मग कुठं बसू?" ती शांतपणे म्हणाली. "बाया तुमचा वाटप घेतात आणि माझा बांगडा शोधीत बाजारात जातात. एवढी पायपीट कशाला? शेटनू, तुमच्या वाटपावर माझा धंदा हाय."

आतोबा आत आले. पोत्याला वळसा घालून मागच्या दाराशी गेले आणि आत्यासमोर उभे राहिले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आत्या म्हणाली. "एवढी आमसुलं उसळीत कोण घालतं?"

"मग बोलली का नाहीस?"

आत्यानं पातेल्यावर झाकण घातलं. दुसऱ्या दिवसापासून वाटप बंद झालं.

आत्याबद्दल मी अजून काही सांगितलंच नाही. माझी आत्या आमच्या घरातली सगळ्यांत बोलकी मुलगी. लग्न होऊन ती या गप्प माणसाच्या मागच्या खोलीत आली, पुढे मूलबाळ झालं नाही, आणि घरच्या बाईमाणसानं दुकानात बसायची तेव्हा रीत नव्हती. वाटप सुरू झालं आणि रोज संध्याकाळी तिच्या दाराशी दहा-पंधरा बायका यायला लागल्या. कोणाचा मुलगा लोटे गावच्या कारखान्यात लागला, कोणाची सून रुसली, कोणाच्या मुंबईच्या नवऱ्याचं पत्र नाही, सगळं तिला ठाऊक. वाटप बांधता बांधता ती अशी हसायची की मला आमच्या चिपळूणच्या परसातली आत्या आठवायची. म्हणून ती बोलली नव्हती. हे मला तेव्हा समजलं.

वाटप बंद झाल्यावर बायका एकदोनदा येऊन डोकावून गेल्या. सुर्वेबाई मागच्या दारानं आल्या, आत्या आजारी आहे का ते बघायला. आत्या आजारी नव्हती. ती संध्याकाळी पातेल्याच्या रिकाम्या जागेपाशी बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. गल्ला कमी झाला याचं आतोबांना वाईट वाटलं असेल, पण ते गल्ल्याकडे बघत नव्हते. ते मागे वळून वळून दाराकडे बघत होते.

एका दुपारी मी जेवायला घरी आले तर आतोबा अंगणात बसून नारळ फोडत होते. फोडलेल्या वाट्यांचं ताट त्यांनी आत्यासमोर नेऊन ठेवलं. "आपण खोबरं आणि कांदा विकतो," ते म्हणाले. "पुढे घरी नेऊन कोण त्यात काय घालतं, ते विचारायला आपण काय पोलीस आहोत?" आत्यानं नुसती कढई चुलीवर चढवली. त्या मासेवालीला आतोबांनी एकच अट घातली, की पाटी गटाराच्या पलीकडे ठेवायची. ती गेली पलीकडे. उन्हाळ्यात आतोबा तिला दुकानातला पाण्याचा तांब्या पाठवायचे, अर्थात स्वतः गटार न ओलांडता, माझ्या हाती.

मग घरोघर मिक्सर आले. सुर्वेबाईंनी घेतला, शेजारणीनं घेतला, वाटपाचं पातेलं अर्धं झालं, मग पाव झालं. मासेवालीनं आपली पाटी पुन्हा बाजारात नेली. ज्या चार-पाच जणी यायच्या त्या वाटप घ्यायच्या, आत्याशी तासभर बोलायच्या आणि दुसरं काहीही न घेता जायच्या. आणि या सगळ्यावर आतोबांनी काय केलं असेल, तर वाटपाचा भाव आणखी उतरवला.

माझी बदली झाली होती, जाण्याआधीची ती शेवटची संध्याकाळ. मला राहवलं नाही. "आतोबा," मी म्हटलं, "आता हा तोटा कशासाठी? वाटप घेऊन कोणी साधी काड्याची पेटीही घेत नाही."

"बायका यायला हव्यात," ते तराजू पुसत म्हणाले.

"अहो, पण आल्या तरी दुकानात त्या काही—"

"दुकानात यायला हव्यात असं मी कुठे म्हटलं?"

मागून आत्याचा हसण्याचा आवाज आला, सुर्वेबाई तिला काहीतरी सांगत होत्या. आतोबांनी तराजू खाली ठेवला आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघायला लागले.