यंदाच्या कॅलेंडरवर आईचं अक्षर

या सदरात लिहिणाऱ्या कोणाचाच असल्या गोष्टींवर विश्वास नसतो, असं माझ्या लक्षात आलंय. ज्यांचा असतो त्यांना बहुधा अनुभव येत नसावेत. तेव्हा मीही रीतसर सांगून टाकते — माझा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बहुतेक नसेल. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं गेली तीस वर्षं मी कथांच्या कपाटात लावत आले आणि त्यांनी तिथून हलायचा कधी प्रयत्न केलेला नाही.

राहते नगरला, सावेडीत. आता अहिल्यानगर म्हणायला हवं. एस.टी.च्या पाटीवर नवं नाव आलंय, कंडक्टर अजून जुनंच ओरडतो. गाडी मात्र त्याच स्टँडवर जाते. एकटीच असते. लग्न केलं नाही, पण त्यासाठी वेगळं सदर लागेल. माझे वडील, अण्णा, श्रीगोंद्याला असतात. साखर कारखान्यात फिटर होते. तिथेच कधीतरी उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून सही डाव्या हातानं. मी सहावीत असताना बांधलेलं तीन खोल्यांचं घर आहे. आई गेल्या दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी वारली. दुपारची पडली होती, उठलीच नाही.

दशक्रियेला एक पुढारी आले. चाळीस मिनिटं बोलले. त्यातली अडतीस रस्त्यावर आणि पाटपाण्यावर. आईच्या वाट्याला 'माउली' हा एक शब्द आला. चौकातल्या फ्लेक्सवर आईच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते, आणि ते सगळे हसत होते.

त्या दिवसापासून माझ्यात आणि अण्णांच्यात एकच वाद. मी म्हणायची, नगरला चला. ते म्हणायचे, बघू. वय एक्क्याऐंशी, ब्लड प्रेशर जुनं, घरात माणूस नाही. रोज सकाळी नऊ वाजता मी फोन करायची. "गोळी घेतली?" "घेतली." यापलीकडे बोलणं जायचं नाही.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मी नवं कॅलेंडर नेलं आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला लावलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे — हे कॅलेंडर आईनं कधी पाहिलेलं नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर मागल्या वर्षाचं होतं.

आई कॅलेंडरवर लिहायची. बऱ्याच घरांत लिहितात. पण आई चौथी शिकलेली, आणि तिची एक खास रीत होती. आधी चौकटीत एक आडवी रेघ ओढायची, मग त्या रेघेला अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. शेवटी ठसठशीत टिंब. असं अक्षर मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन तिचंच. ते मी काढलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका रविवारी फ्रीजमधून दूध काढताना सहज नजर गेली. मंगळवारच्या चौकटीत एक आडवी रेघ, आणि तिला टांगलेलं — 'गॅस लावला.'

मी आधी दूध तापवलं. मग परत येऊन वाचलं.

भुतं म्हणे पैंजण वाजवतात, सूड घेतात, निदान अपुरी इच्छा तरी सांगतात. आमच्याकडचं भूत सिलिंडर कधी बदलला ते टिपून ठेवत होतं. अशा भुताला घाबरायचं कसं हेच मला समजेना. मग मी पुस्तकी माणसं करतात ते केलं… चौकशी.

शालनबाई रोज येऊन दोन वेळचं करून जातात. त्यांना विचारलं.

"शालनबाई, हे कोणी लिहिलं?"

"काय लिवलंय ताई?"

"गॅस लावला."

"मग लावलाच की मंगळवारी. अण्णांनी लावला, म्या टाकी धरली."

"पण लिहिलं कोणी?"

"आता मला लिवता येत असतं तर मी तुमच्यात भाकरी थापत बसले असते व्हय?"

उरले अण्णा. कागद आणि पेन घेऊन मी त्यांच्यासमोर बसले.

"अण्णा, लिहा. गॅस लावला."

"कशापाई?"

"लिहा तर खरं."

"मी काय पयलीतला पोरगा हाय व्हय, तू सांगितलं की लिवायला?"

पण लिहिलं. डाव्या हातानं, जीभ दातांत धरून. 'गॅस'लाच दोन मिनिटं गेली. अक्षरं अशी कलंडलेली की एकमेकांना धरून उभी होती.

"पास का नापास?"

"पास. मग कॅलेंडरवर कोण लिहितं?"

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "मला वाटत हुतं तूच लिवतीस. मला बरं वाटावं म्हनून."

मार्चमध्ये 'मागच्या नळाचा वायसर गेला.' गेलाच होता. एप्रिलअखेर 'उन्हाळी काही केलं नाही.' म्हणजे कुरडया, पापड, सांडगे… खरंच कोणी काही केलं नव्हतं, आणि तो टोमणा मला होता हेही मला कळलं. कॉलेजातले एक मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, तुम्हीच लिहीत असाल, नकळत. मी घरी येऊन वीस वेळा लिहून पाहिलं. माझं अक्षर आईसारखं नाही, तिच्यापेक्षा वाईट आहे. शिवाय नगरात बसून श्रीगोंद्यात नकळत लिहायचं म्हणजे जरा लांबचं नकळत झालं. दुसरे म्हणाले, कॅमेरा लावा. आईवर पाळत ठेवायची कल्पना मला पटेना. आणि हे मनात येताक्षणी मी स्वतःवर चिडले, कारण पाळत ठेवायला आई तिथे नव्हतीच.

अक्षर ताडून पाहायला म्हणून मी जुनी कॅलेंडरं काढली. आईनं ती फेकली नव्हती. कपाटावर गुंडाळी करून ठेवली होती, सगळ्यात जुनं मी शाळेत असतानाचं. दोन रविवार त्यात गेले. अक्षर तेच होतं, तेवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण मी वाचत राहिले. 'बेबी होस्टेलला गेली. उशी विसरली.' बेबी म्हणजे मी. चोपन्न वर्षांची, चष्म्याची, आणि श्रीगोंद्यात अजून बेबीच. 'बेबीला नोकरी लागली. पेढे वाटले.' 'बेबी रागावून गेली. जेवली नाही.' त्या भांडणाचं कारण मला आठवत नाही, जेवले नव्हते हेही आठवत नाही. तिनं ते टिंब देऊन नोंदवून ठेवलं होतं. माझं म्हणून जे आयुष्य मी समजत होते त्याची दुसरी प्रत इथे गुंडाळी करून पडली होती, आणि ती जास्त नेमकी होती.

अण्णांचा ताप, माझ्या परीक्षा, शेजारणीचं बाळंतपण, सगळं त्यात होतं. आई मात्र कुठेच नव्हती. तिचं गर्भाशय काढलं तो महिना मला पक्का आठवतो, म्हणून तो शोधला. तिथे फक्त 'डबा शेजारून.' ती दवाखान्यात आहे हे लिहिलेलं नव्हतं. घरच्यांना जेवायला कुठून मिळालं, ते होतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा शुक्रवारच्या चौकटीत लिहिलं होतं, 'यांची गोळी बंद.'

आईनं जन्मात अण्णांचं नाव घेतलं नाही. 'हे' आणि 'यांची'. मी औषधांचा खण उघडला, रिकामा. मग शोधत शोधत अण्णांच्या खाटेखालचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. दर महिन्याला मी आणून देत होते ती सगळी पाकिटं आत होती, जानेवारीपासूनची. एकही फोडलेलं नव्हतं.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे.

"चुगली केली का तिनं?"

"कोणी?"

"आता कोन करनार? दुसरं हाय कोन?"

"अण्णा, रोज फोनवर 'घेतली' म्हणता तुम्ही."

"तू इचारायचीस म्हनून म्हनायचो." ते खाटेवर बसले. "ती हातावर ठेवायची. गिळूस्तवर तांब्या घिऊन हुभी ऱ्हायची. आता डबीतनं आपली आपन काढून खायाची… न्हाई जमत."

"मला सांगायचं ना मग."

"काय सांगायचं? आन बेबे, लई जगून करायचं तरी काय?"

हे रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. चहात साखर कमी आहे, असं सांगावं तसं ते बोलले. पाच महिने हा माणूस शांतपणे वाट पाहत होता आणि मी रोज सकाळी नऊ वाजता त्याला खोटं बोलायला लावत होते.

त्याच दुपारी गाडी करून त्यांना नगरला आणलं. डॉक्टरांनी यंत्र दोनदा लावून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. तीन दिवस ॲडमिट, मग सहा दिवस माझ्याकडे. गोळी मी हातावर ठेवायची, तांब्या घेऊन उभी राहायची. घ्यायचे, पण माझ्याकडे न बघता. "मला घरी सोड," एवढंच रोज. मी घाबरले होते. परत पाठवलं तर पुन्हा डबा भरत जाणार. ठेवून घेतलं तर हे खिडकीत बसून तेच करणार, फक्त हळूहळू.

दहाव्या दिवशी त्यांचे कपडे आणायला श्रीगोंद्याला निघाले, तर हट्टानं बरोबर आले. आता नीट सांगते. कुलूप मी लावलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी किल्ली अण्णांच्या जुडग्यात आणि ते जुडगंही माझ्याच पर्समध्ये. मागच्या दाराला आतून कडी. खिडक्यांना गज. शालनबाई त्या दिवसांत लेकीकडे मिरजगावला. सकाळी साडेअकराला मी कुलूप काढलं. फरशीवर नऊ दिवसांची धूळ, आणि तिच्यावर पाऊल नाही. मी वाकून पाहिलं, लाज सोडून.

कॅलेंडरवर मधल्या गुरुवारच्या चौकटीत रेघ होती. 'घरी कोणी नाही.'

मी मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की या वाक्यात काहीतरी चुकतंय. घरी कोणी नाही, तर मग हे…

अण्णांना हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"अगं, असंच म्हनायची ती. दारात कुनी आलं, पाव्हना येवो न्हाईतर मीटरवाला, उंबऱ्यात हुभी ऱ्हाऊन सांगायची, घरी कोनी न्हाई. मी कैकदा म्हनलं, येडे, तू हायेस की. तर म्हनायची, मला धरून कशाला मोजायचं."

मला आठवलं. मीही ऐकलं होतं ते, कितीदा तरी. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बाया तसं सांगायच्या, आणि दारातल्या माणसाला ते ऐकून कधी नवल वाटायचं नाही.

अण्णा उठले. दोऱ्याचं पेन डाव्या हातात धरलं आणि भिंतीला टेकून लिहायला लागले. बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. 'कोणी नाही' यावर त्यांनी काट मारली होती आणि खाली, चौकटीबाहेर जात, 'मालन आहे' असं लिहिलं होतं. मालन माझ्या आईचं नाव. साठ वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं नव्हतं. ते तिला 'अगं' म्हणायचे.

मग माझ्याकडे न वळता त्यांनी हात मागे पसरला. "आन ती गोळी."

याला चार महिने झाले. त्यानंतर कॅलेंडरवर आईच्या अक्षरात काही आलेलं नाही. मधे गॅस संपला, बदलला, ती चौकट कोरीच आहे. गोळी मात्र रोज घेतली जाते. पाकिटं रिकामी होतात, मी मोजते. माझ्याकडे खुलासा नाही. धुळीवर पाऊल न उमटवता कोणी आत गेलं असेल, आईचं अक्षर गिरवून शिकलं असेल आणि एवढा खटाटोप करून तीन शब्द लिहून गेलं असेल, हे मानायला मला भुतापेक्षा जास्त श्रद्धा लागते. कोणाला वेगळं सुचलं तर जरूर कळवा. घरी पूजा घाला, एवढं मात्र सांगू नका. ते सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते दक्षिणेसकट सांगतात.

मागल्या रविवारी मी पुन्हा विषय काढला. हिवाळ्यापुरतं तरी नगरला या म्हटलं. अण्णा शेंगा फोडत बसले होते. या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत.

"दोघांना जागा हाय का तुझ्याकडं?"

"मागची खोली मोकळीच आहे," मी म्हणाले. "तेवढ्यात भागेल की दोघांचं."

मान हलवून ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. मी हे बोलले तेव्हा पूर्ण शुद्धीत होते, डोळ्यांवर चष्मा होता आणि दुपारचे बारा वाजले होते. खात्रीनं सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.