इमामभाईंनी पाटीवर लिहिलेलं नाव

इमामभाई गेल्याचा निरोप मला गारगोटीच्या बाजारात मिळाला, त्याला आता महिना होईल. मंगळवार पेठेतल्या छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. त्याआधी दहा वर्षं पणजीच्या छापखान्यात काढलेली, त्यामुळे पोर्तुगीज वाचता यायचं. बंदरातल्या खलाशांकडून स्पॅनिशही शिकलेले. त्यांनी माझी एक चूक निस्तरली होती. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही...

तेव्हा मी संस्थानच्या चावडीवर कारकून होतो. महाराजांच्या राज्यात वाजंत्र्यांना मान होता, म्हणून गोव्याचा एक बँडवाला काम शोधत आला. सोबत स्पॅनिश जहाजावरचा एक खलाशी. त्याच आठवड्यात बेळगावाहून खबर आलेली, की गावोगाव नाव बदलून वाद्यं पळवणारा चोर फिरतोय. मी नाव विचारलं. बँडवाला म्हणाला, "जुझे." खलाशी त्याला हाक मारायचा, "होसे." मी दोन नावं लिहिली आणि फौजदारांनी त्याला कोठडीत टाकलं. सकाळी बेड्या घालून बेळगावला धाडायचं ठरलं. गजांआडून तो सारखं एकच सांगत होता, "जुझे... जुझे..." मला ते ऐकवेना. मी छापखान्याकडं धावलो.

इमामभाई हातातलं काम टाकून फौजदारांपुढं आले. "साहेब, नाव येकच हाय, अक्षरं बी तीच. पहिल्या अक्षराला गोव्याकडं ज म्हणत्यात, स्पेनवाले ह."

"तू त्याचा साथीदार न्हाईस कशावरनं?" फौजदार गरजले. "खोटं निघालं तर तुलाबी आत घालीन!"

"घाला की."

त्यांनी पाटीवर रोमन अक्षरांत दुसरंच एक नाव लिहिलं आणि दोघांना वेगवेगळं बोलवायला सांगितलं. बँडवाल्यानं पाटी बघताच म्हटलं, "जेझुश." मग खलाशी आला. तो पाटीकडं बघतच राहिला... शेवटी त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली. "हेसूस."

"पाद्री येशू म्हणत्यात, आमी ईसा," इमामभाई म्हणाले. "म्हणून काय चार जणं झाली व्हय?"

फौजदारांनी कोठडीची किल्ली पुढं केली.

वाटेत मी म्हणालो, "चूक माझी होती."

"पुन्ना विचारलं न्हाईस, येवढंच."

पुढं छापायचं नाव ते गिऱ्हाइकाच्या तोंडून दोनदा ऐकायचे, मगच खिळ्याला हात लावायचे. परवा त्यांच्या चाळिसाव्याची पत्रकं छापायला गेलो. नवा माणूस न विचारताच जुळवू लागला. मी त्याचा हात धरला. "थांबा. आधी नाव ऐका." पहिल्यांदा नीट म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावरच त्याचा हात सोडला.