उभ्या रकान्याची बेरीज

आमच्या कॉलेजात पंखा दुरुस्त करून घ्यायचा असला तरी अर्ज 'मार्फत' जातो. वर मा. प्राचार्य, मध्ये 'मार्फत : मा. विभागप्रमुख', आणि सगळ्यात खाली, जागा उरलीच तर, ज्याला उकडतंय त्याचं नाव. सांगलीतल्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी सोळा वर्षं शिकवते आहे. हा शिरस्ता माझ्या इतका अंगवळणी पडलाय, की नवा माणूस आला की त्याला तो मीच शिकवते. बिराप्पालाही मीच शिकवला. त्याचं पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

बिराप्पा आमच्या कम्प्युटर लॅबचा सहायक. आटपाडीकडचा. घरची मेंढरं होती. आता निम्मी विकून डाळिंब लावलं होतं. पोरगा शिकला, पदवीधर झाला आणि अकरा वर्षं आमच्याकडे कंत्राटावर राबला. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये सुट्टी, पुन्हा जूनमध्ये नेमणूक. उंच, कमी बोलणारा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. बंद मशीन हाताखाली आलं की ते सुरू होईपर्यंत जेवणाचा डबा उघडायचा नाही. मुलं अडली की आम्हा शिक्षकांना ओलांडून त्याच्याकडे जायची आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते खुपायचं. त्याला हवी होती एकच गोष्ट : कायम व्हायचं. त्याचे वडील आकाराम, त्याचे आबा, दर फोनला तेवढंच विचारायचे.

त्या वर्षी माधवनगरची मयूरी नावाची विद्यार्थिनी यंत्रमागाच्या थरथरीवर प्रकल्प करत होती. एका मागाला सेन्सर बसवून तिने काही लाख आकडे गोळा केले होते. आकडेमोडीसाठी आम्ही सगळे एक फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो. जगभरचे लोक मिळून ती लिहितात. आतला कोड उघडा असतो, चूक सापडली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी, तिथले जाणते ती तपासून घेतात. मयूरीने तक्ता आडवा मांडून बेरीज केली तर एक उत्तर आलं, तोच तक्ता उभा मांडला तर दुसरं. मी म्हणाले, संगणक दशांश कापतो, फरक पडायचाच. आमचे विभागप्रमुख मधुकर सर म्हणाले, मुलीनेच काहीतरी गोंधळ घातला असेल. बिराप्पा तेवढा मान खाली घालून आकडे बघत राहिला.

"मॅडम, कापाकापी एवढं खात न्हाई," तो म्हणाला. "ह्यात दुसरंच काय तरी हाय."

पुढचे तीन महिने जेवणाच्या सुट्टीत तो चौदा नंबरच्या मशीनवर बसलेला दिसायचा. एका हातात भाकरी, दुसरा हात कीबोर्डवर. लायब्ररीच्या पोटातला कोड त्याने ओळीओळीने वाचून काढला आणि एक दिवस मला बोलावून दाखवलं. आडव्या ओळींची बेरीज करताना लायब्ररी आकड्यांचे लहान गट पाडायची आणि मग गटांची बेरीज करायची. उभ्या रकान्यात मात्र ती एकामागून एक आकडा मिळवत जायची. बेरीज फुगत गेली की पुढचा बारीक आकडा तिच्यात मिळवला काय नि न मिळवला काय, सारखंच. असे हजारो आकडे मधल्या मध्ये गळत होते. जगभर कुणाकुणाची उत्तरं त्यामुळे चुकत असतील, कोण जाणे.

"आमच्यात सांजच्याला मेंढरं मोजत्यात," तो म्हणाला, "तवा आबा कोकरं आदी येगळी काढत्यात. धा-धाची मोजत्यात. सगळ्यांत मिसळून मोजलं की कोकरू ऱ्हातंच. तसंच हाय हे. बेरीज लय मोठी झाली की बारका आकडा तिला दिसतच न्हाई."

दुरुस्ती जेमतेम चाळीस ओळींची होती. पण ती कुठे मोडू नये म्हणून त्याने लिहिलेल्या चाचण्या अडीचशेच्या वर होत्या. मी पीएच.डी. आहे आणि मला ते सुचलं नसतं. वाचताना मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करते.

तो त्याच दिवशी स्वतःच्या नावाने ती पाठवणार होता. मीच थांबवलं. म्हटलं, तू कंत्राटी माणूस, परस्पर पाठवलंस तर सरांना राग येईल. मार्फत पाठव. माझ्या मते मी त्याचं भलंच करत होते. त्याने रीतसर मराठीत अर्ज लिहिला, 'आदरणीय सरांच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्दही घातले. आमच्याकडे ते सगळेच घालतात, त्यात खरंखोटं कुणी बघत नाही. सरांनी सही केली आणि सांगितलं, विभागाच्या खात्यावरून टाक. कॉलेजच्या तपासणी समितीला दाखवायला म्हणून विभागाने लायब्ररीच्या संकेतस्थळावर एक खातं उघडलं होतं. त्यावर सरांचं नाव होतं, सरांचा फोटो होता आणि आजवरचं काम शून्य होतं. पासवर्ड आम्हा सगळ्यांना ठाऊक होता.

तिथल्या लोकांनी प्रश्न विचारून पिच्छा पुरवला. वेग कमी होतो का, जुन्या मशीनवर चालतं का, ही चाचणी कशाला, ती का नाही. एक्केचाळीस प्रश्न झाले. बिराप्पाने प्रत्येकाला उत्तर दिलं, इंग्रजी मी सुधारून देत होते. चार वेळा दुरुस्ती परत आली, चार वेळा त्याने ती नव्याने केली. शेवटी ती स्वीकारली गेली. नव्या आवृत्तीबरोबर योगदान देणाऱ्यांची यादी आली, तिच्यात मधुकर सरांचं नाव होतं. त्या लोकांचा यात काय दोष? त्यांनी समोर दिसलं ते नाव लिहिलं.

मग काय, सत्कार झाला. स्थानिक पेपरात फोटो आला. सरांनी भाषणात गणित म्हणजे काय यावर वीस मिनिटं घेतली आणि जाता जाता लॅबच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानले. प्रोजेक्टर बिराप्पाने लावला. शालीचं तबक धरून तोच उभा होता. मला संताप आला, पण मी टाळ्या वाजवल्या. नंतर त्याला म्हटलं, अरे, काहीतरी बोल की.

"आपणच लिहून दिलंय न्हवं," तो म्हणाला. "आन सरांना म्हाईत हाय कुणी केलंय ते. जागा निघाली की बोलतील."

जागा निघाली. अकरा वर्षांनी तांत्रिक सहायकाची एक कायम जागा मंजूर झाली. जाहिरातीत लिहिलं होतं, स्वतंत्र तांत्रिक कामाचा पुरावा असल्यास प्राधान्य. बिराप्पा इतका खुशीत मी कधी पाहिला नव्हता. आबांना फोन करून सांगितलं म्हणाला, अवंदा हुतंय. निवड समितीवर एक महिला सदस्य लागते म्हणून मला बसवलं होतं. अध्यक्ष अर्थातच मधुकर सर. माझ्या बढतीची फाइल तेव्हा दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होती.

बिराप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पुरावा विचारल्यावर त्याने लायब्ररीचं त्या दुरुस्तीचं पान उघडून दाखवलं. बाहेरून आलेल्या एका सदस्याने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?"

बिराप्पाने सरांकडे पाहिलं. सर अगदी प्रेमाने म्हणाले, "काम विभागाचं आहे. बिराप्पाने टायपिंगला वगैरे चांगली मदत केली. मेहनती मुलगा आहे."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत खरं माहीत असलेली तिसरी व्यक्ती मीच होते. एक्केचाळीस उत्तरांतला स्वल्पविराम न् स्वल्पविराम मी घातलेला होता. मी मान खाली घालून समोरच्या तक्त्यात गुण भरत बसले. 'स्वतंत्र काम' या रकान्यात मी त्याला वीसपैकी सहा दिले. पुरावा नव्हता, त्यामुळे माझं चुकलं असं कुणीही म्हणू शकणार नाही.

जागा दिग्विजय नावाच्या एका मुलाला मिळाली. मुलगा वाईट नाही. पुढच्या महिन्यात माझी बढती झाली आणि जूनमध्ये बिराप्पाने कंत्राट पुन्हा घेतलं नाही. आता तो आटपाडीत बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देतो. जातीचे दाखले, पीक विमा, पोरांचे प्रवेश.

गेल्या महिन्यात त्या लायब्ररीच्या पानावर एका परदेशी माणसाची तक्रार आली. नव्या जातीच्या प्रोसेसरवर उभ्या रकान्याची बेरीज पुन्हा चुकत होती. सरांना त्यातलं ओ की ठो कळेना, ते गप्प बसले. बिराप्पा मात्र ते पान अजून वाचत असतो. त्याने स्वतःच्या नावाने खातं उघडून उत्तर लिहिलं, चूक कुठे आहे आणि का आहे ते. तिथल्या जाणत्याने नम्रपणे कळवलं : आभारी आहोत, परंतु मूळ लेखकाचं मत येईपर्यंत आम्ही थांबू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मला फोन आला. जवळजवळ वर्षाने. मी माफीचं काहीतरी बोलायला लागले, ते त्याने ऐकून घेतलं नाही.

"ते ऱ्हाऊ द्या मॅडम. दुरुस्ती तुमच्या मेलवर टाकलीया. सरांच्या खात्यावरनं तेवढी पाठवा. लोकांची बेरीज चुकाय लागलीया."

मी लॅबमध्ये गेले. चौदा नंबरचं मशीन लावलं, सरांचं खातं उघडलं. पासवर्ड तोच होता. खाली त्याचं नाव लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं, खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. त्याने पाठवलं होतं तेवढंच मी चिकटवलं आणि पाठवून दिलं. तासाभरात उत्तर आलं : धन्यवाद मधुकर, तुमचं काम नेहमीसारखंच चोख.

संध्याकाळी बिराप्पाचा मेसेज आला, पोचलं का म्हणून. मी लिहिलं, पोचलं.