सव्वीस वेळा लावलेलं दार

ताईच्या लॅपटॉपमधली पंचवीस दारं मी पुसून टाकली, आणि तीही तिच्यावर उपकार करतोय अशा ऐटीत.

लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा होता. "आतलं सगळं या डिस्कवर घे, बाकी कशाला हात लावू नकोस," एवढंच सांगून ताई कामावर गेली. पण आमच्या गावच्या शाळेत संगणकात मी पहिला आलेलो. शाळेत संगणक दोन होते आणि त्यातला एक बंद, हे मी शहरात कुणाला सांगत नाही. एका फोल्डरात 'दार १' पासून 'दार २६' पर्यंत फाइली दिसल्या. प्रत्येक दोन-दोन सेकंदांची. चार ऐकल्या. धप्प, धप्प, धप्प, धप्प. एकच दार सव्वीस वेळा! बाईसाहेबांना आवरायची सवय नाही, असं मनाशी म्हणत मी पहिलं दार तेवढं डिस्कवर घेतलं, बाकीची सोडली, आणि दुकानदाराला सांगून आलो, "आता अगदी कोरा करा."

ही ताई म्हणजे माझी चुलतबहीण. शिकायला आल्यापासून मी काकूकडेच राहतो. ताई दिवसा कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. एक खुर्ची मावेल एवढ्या, जाड भिंतींच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. न ऐकता दाबणारेही असतात. ते तिला लगेच कळतात.

उरलेल्या वेळात ती नाचायचं संगीत तयार करते. पलंग आणि कपाट यांच्या बेचक्यात एक टेबल, त्यावर दोन स्पीकर, एक कीबोर्ड, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर ठोकलेल्या काकूच्या जुन्या रजया. पाठीशी ना कंपनी, ना मॅनेजर. सूर तिचा, ठेका तिचा, उद्या गाण्यांची तबकडी निघाली तर वेष्टनावरचं चित्र तिचं आणि पार्सलवर पत्ता लिहिणारा हातही तिचाच. दर शनिवारी दुपारी ती स्केटिंगच्या हॉलमध्ये डीजे म्हणून वाजवते. कॉलेजची पोरं येतात, सुट्टी मिळालेले नोकरदार येतात, दोन आजोबाही न चुकता येतात. बाकीचे डीजे लोकांचे हात वर झाले का ते बघतात. ताई पाय बघते. "हात खोटं बोलतात रे. पाय नाही बोलत," म्हणते. आवाज कधी कान फाटेल इतका चढवत नाही. वर दारातच कानात घालायचे बोळे वाटते, "सोमवारी माझ्या खुर्चीत बसायचं नसेल तर घाला." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीला पाठ लावून उभा होतो. तासाभराने माझे पाय मला न विचारताच हलत होते.

तर या ताईची पहिली तबकडी निघायची होती. चार गाणी, तीनशे प्रती. छापणाऱ्या कारखान्यात आठ महिन्यांनी नंबर लागलेला. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत सगळं पाठवायचं, नाही तर नंबर पुढच्याला आणि पुन्हा आठ महिने वाट. तीन गाणी गेली होती. चौथ्यावर शेवटचा हात फिरवायला ताईने रविवारी सकाळी उसन्या लॅपटॉपला डिस्क जोडली, आणि पडद्यावर उमटलं: पंचवीस फाइली सापडत नाहीत.

"दारं कुठायत?"

"एक ठेवलंय की."

"एक?"

"सगळी सारखीच होती ना."

मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ती नुसती बघत राहिली, न ऐकता बटण दाबणाऱ्या पेशंटकडे बघते तशी. तेवढ्यात काकू डोकावली. "काय केलं गं याने?"

"काही नाही. आवरलं."

"बरं केलं बाई! कुणीतरी हवंच होतं."

दुकानदाराला फोन केला. सांगितल्याबरहुकूम त्याने लॅपटॉप कोरा करून टाकला होता. मग मी अक्कल पाजळली. "तेच एक दार सगळीकडे चिकटव ना. कुणाच्या बापाला कळणार?"

ताईने तसं करून हेडफोन माझ्या कानांवर चढवले. अर्ध्या मिनिटात शेजारी कुणीतरी खिळे ठोकत बसलंय असं वाटायला लागलं. मग मागच्या शनिवारी कुणीतरी हॉलमध्ये मोबाइलवर घेतलेलं तेच गाणं तिने लावलं. खरखर होती, गोंगाट होता, पण त्यातलं दार एकदा दबकत लागत होतं, एकदा तरातरा, एकदा अर्ध्यावर थबकून.

"काय फरक?"

"पहिल्यात नुसतं दार आहे," मी खालमानेने म्हणालो. "दुसऱ्यात माणसं बाहेर पडतायत."

"कळलं ना? तुला कळतं तर कुणालाही कळेल."

ते दार तपासणीच्या खोलीचं होतं. पाच महिने, एकेक पेशंट बाहेर पडताना, तिने एकेक धप्प जमवला होता. आता हातात होते सहा तास, आणि रविवारी दवाखान्यात पेशंट कुठून आणायचे? तिने डॉक्टरांना फोन लावला. ते दवाखान्याच्या वरच राहतात. डोळे चोळत, चपला फटफटवत खाली आले.

"काय गं, आग लागली का?"

"नाही सर. दार हवंय."

"अख्खं?"

"आवाज फक्त."

डॉक्टरांनी मला न्याहाळलं. "आणि हा कोण?"

"ज्याच्यामुळे तुमची झोप मोडली, तो."

ताईने खुर्चीवर रेकॉर्डर ठेवला आणि मला दाराशी उभं केलं. दहा वेळा लावलं. दहाही वेळा ती म्हणाली, "तू दार ढकलतोयस. तुला कुठे जायचंच नाहीये."

डॉक्टर तोवर भिंतीला टेकून जांभया देत होते. अखेर त्यांना राहवेना. "सरक रे बाजूला. तीस वर्षं या दारातनं माणसं जाताना बघतोय मी." त्यांनी दार धरलं. "हा बघ, कान ठणठणीत निघालेला." धप्प! "ही सुनेने ओढून आणलेली सासू." धाप्! "हा कानाच्या मशीनची किंमत ऐकलेला."

ताईचे डोळे मिटलेले होते. "नाही सर. किंमत ऐकलेला माणूस आधी दाराचा आधार घेतो, मग लावतो."

डॉक्टरांनी मान डोलावली. "खरंय गं," म्हणाले, दाराला धरून उभे राहिले, आणि मग अगदी हळू लावलं. त्या दुपारी म्हातारे, शाळकरी पोरं, रुसलेले नवरे असे एकूण पंचवीस पेशंट डॉक्टरांनी एकट्याने बाहेर काढले. एरवी औषधाखेरीज तोंडातून शब्द न काढणारा माणूस!

कुलूप लावताना ते लाजत म्हणाले, "तबकडीवर वाजवणाऱ्यांची नावं असतात ना? माझंही घाल. 'दार', आणि पुढे नाव. फी नको."

"घालते की सर!"

घरी आल्यावर ताईने पाणीसुद्धा न पिता एकेक दार आपापल्या जागी बसवलं. मी मागे उभा राहून बघत होतो. कुठलं दार कुठे, हे तिला कुठे लिहून ठेवावं लागत नव्हतं. पाच महिन्यांची माणसं तिला तोंडपाठ होती. सहाला चार मिनिटं कमी असताना गाणं गेलं. नंबर वाचला. ती खुर्चीत मागे रेलली आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की वेष्टन नावांसकट शुक्रवारीच छपाईला गेलंय.

तबकड्या आल्या तशी पहिली डॉक्टरांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती पुढून वाचली, मागून वाचली, आतला कागद काढूनही वाचला.

"सर, मी पेनने लिहून देते. सगळ्या तीनशेंवर."

"छे! हाताने लिहिलेलं डॉक्टरचं नाव आजवर कुणाला वाचता आलंय? छापील हवं."

"मग पुढच्या तबकडीवर. नक्की."

"पुढची कधी?"

"आठ महिने तरी लागतील सर."

याला आता वर्ष होत आलं. ताई रोज सकाळी त्यांना नमस्कार करते, आणि डॉक्टर रोज न चुकता विचारतात, "छापलं का गं?"