जुन्या साहेबाचा माणूस

हे मी माझ्या बायकोला, मंगलला, कधी सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा चौथीपर्यंत झाली माझी, तेव्हा सरळच लिहितो.

मिरजेकडच्या एका रेल्वेच्या साहेबानं मला जयपूरला आणलं. त्याच्या बंगल्यावर मी खलाशी, म्हणजे पगार रेल्वेचा आणि काम घरगड्याचं. फोन घ्यायचा, भाजी आणायची, कुत्रं फिरवायचं. दुसरा खलाशी गोपाल, आमेरचा. तो मंगलला जीजी म्हणायचा, मला जीजाजी. परक्या मुलखात तिला पाठचा भाऊच मिळाला. भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची आणि हिंदीत दटावायची. हिंदी कसली — मराठीला ‘है’ लावलेलं. ‘भैया, गुपचूप बसने का है.’ तो बसायचा.

पक्का होईपर्यंत खलाशाची नोकरी साहेबाच्या मर्जीवर. साहेब बदलला की नवा आपला माणूस आणणार, जुना घरी. विचारायला जागा नाही. आमचे साहेब रिटायर झाले तेव्हा आम्ही दोघंही कच्चे. गोपाल त्यांच्या गाडीमागं फाटकापर्यंत रडत गेला. मी नाही रडलो. मी नव्या साहेबाची वाट बघत होतो — आता कळतंय ना मी कसा?

नव्यानं आपला स्वयंपाकी आणला. उरली एक जागा. मंगलनं आम्हा दोघांच्या हातावर गूळ ठेवला. म्हणाली, ‘विचारलं तर एकच बोला. ठेवायचं तर दोघांना ठेवा.’ आम्ही हो म्हणून गूळ खाल्ला.

साहेबानं एकेकाला आत बोलावलं. आधी गोपाल, मग मी. मला विचारलं, ‘वो दूसरा कैसा है?’

मी काय म्हणायला हवं होतं? गूळ अजून दाढेत होता.

मी म्हटलं, ‘काम ठीक है साहब. लेकिन आदमी पुराने साहब का है. गाड़ी के पीछे रोता गया.’

रडला होता, ते खरंच. पण जुन्या साहेबाचा माणूस कोण होता? मिरजेहून कुणाला आणलं होतं त्यांनी?

साहेब हसला. म्हणाला, ‘अजीब है. वो तो तेरी तारीफ़ करके गया.’

मी तिथंच बोलणं फिरवू शकलो असतो. नाही फिरवलं. पोटासाठी म्हणू? पोट त्यालाही होतं.

मी पक्का झालो. गोपाल सांगानेरला कापडावर छपाई करायला लागला. नखं कायमची निळी झाली त्याची. भाऊबीज मात्र चुकवली नाही. मंगल त्याची बोटं बघायची आणि त्या साहेबाला शिव्या घालायची. ‘मेल्यानं माझ्या भावाच्या पोटावर पाय दिला.’ दर दिवाळीला, करंज्या तळताना, मन लावून. मी हूं म्हणायचो आणि करंजी खायचो. करंजी तिच्यासारखी कुणाला जमत नाही — हेसुद्धा तिला कधी बोललो नाही. मीठ कमी पडलं तर तेवढं बोलायचो.

उन्हाळ्यात ती गेली. तिरडीला पुढून गोपालचा खांदा.

यंदा भाऊबीजेला वाटलं, आता कशाला येतोय. आला. शास्त्रीनगरात माझा जिना चढताना धाप लागते त्याला. पेरू आणले होते, तिला आवडायचे म्हणून. फोटोसमोर बसला. म्हणाला, ‘जीजाजी, इस बार टीका आप लगा दो.’

माझ्यापुढं मान वाकवून बसला. केस पार पांढरे. मी कुंकू लावलं. टिळा वाकडा गेला.

तो म्हणाला, ‘उस साहब को जीजी कितनी गालियाँ देती थी.’ आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले.

मी तोंड उघडलं. म्हटलं, ‘चाय पियोगे?’

चहा केला. दोघं प्यायलो. त्यानं कपबशा विसळून पालथ्या घातल्या, जीजी घालायची तशा, आणि तो वाकडा टिळा घेऊन बस पकडायला गेला.